चीनची आरंभीची झिलईदार स्टोनवेअर भांडी : राख, उतारावरची भट्टी आणि कुंभाराचा हात

काळीमाती

चिनी भांडी म्हटले की पांढऱ्या पोर्सेलिनवरची निळी नक्षी आपल्याला प्रथम आठवते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहातील चिनी वस्तू पाहिल्या की ही समजूत आणखी पक्की होते. परंतु ते पांढरे पोर्सेलिन तयार होऊ लागण्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी, शांग राजवटीच्या काळात (इ.स.पू. सुमारे १६०० ते १०४६), चीनमधील कुंभार करड्या, कठीण अंगाची आणि हिरवट-पिवळट झिलईची भांडी भाजत होते. चिनी अभ्यासक त्यांना आद्य पोर्सेलिन म्हणतात, तर चीनबाहेरचे बरेच अभ्यासक झिलईदार स्टोनवेअर म्हणतात. या धाग्यात मी दुसरे नाव वापरतो. अशा भांड्यांकडे पाहताना मी आधी झिलई कुठे आहे आणि कुठे नाही एवढेच पाहतो, कारण भट्टी जे स्वतःहून करत होती त्यावर कुंभाराने हळूहळू ताबा कसा मिळवला हे त्यावरूनच सर्वांत स्पष्ट कळते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपले साधे मडके हजार अंश सेल्सिअसच्या आतच भाजले जाते आणि त्याचे अंग सच्छिद्र राहते, म्हणून तर त्यातले पाणी गार होते. स्टोनवेअरला सुमारे १२०० अंश आणि त्यासाठी योग्य अशी माती लागते. त्या उष्णतेला मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात व उरलेल्या कणांना घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे भांडे पाणी जवळजवळ शोषत नाही. लोणच्याची जुनी तपकिरी-पांढरी बरणी हे स्टोनवेअरच. तिच्यावर टिचकी मारल्यावर जो खणखणीत आवाज येतो तोच शांग काळातील उत्तम भाजलेल्या खापरालाही येतो.

आता झिलईविषयी. वाळूसारखी शुद्ध सिलिका १७०० अंशांच्या पुढे वितळते, पण चुना, अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि सिलिका ठरावीक प्रमाणात एकत्र आले तर ते मिश्रण ११७० अंशांच्या आसपासच वितळते. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो, तर भांड्याच्या मातीत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना दोन्ही असतात. म्हणजे ज्या दिवशी लाकडावर चालणारी भट्टी १२०० अंशांपर्यंत पोहोचली, त्या दिवशी ज्वाळेबरोबर उडालेली राख भांड्यांच्या खांद्यांवर बसून आपोआप काच होऊ लागली असणार. कुंभाराला झिलईची कल्पना सुचण्याआधी भट्टीने तिचा नमुना त्याच्या हातात ठेवला होता. त्यापुढचे काम कुंभाराचे होते: ती राख मातीत आणि पाण्यात कालवून, भाजण्याआधीच, हवी तिथे लावणे.

हे काम शांग काळातच झालेले दिसते. हेनान प्रांतातील झेंगझोऊ या शांग राजधानीच्या ठिकाणी, मिंगगोंग रस्त्याजवळ १९६५ साली सापडलेले ‘झुन’ हे भांडे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. ते फूटभराहून थोडे कमी उंचीचे आहे. तोंड पसरट, खांदा ठळक, खाली निमुळते होत गेलेले अंग, आणि त्या अंगावर ठशांची नक्षी. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना हिरवट-पिवळी झिलई आहे. ती सारखी नाही, कुठे पातळ आहे तर कुठे ओघळून जाड झाली आहे, तरीही ती लावलेली झिलई आहे हे उघड आहे. घडण मातीच्या वळ्या एकावर एक रचून व थोपटून केलेली असे. चाकाचा पूर्ण वापर या भांड्यांत बराच नंतर आला.

आज उत्तर चीनमधील राजधान्यांपेक्षा दक्षिणेतील झेजियांग प्रांताकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक आहे. हूझोऊ आणि देचिंग परिसरातील पूर्व त्याओशी नदीच्या खोऱ्यात शांग काळापासून युद्धरत राज्यांच्या काळापर्यंतच्या (इ.स.पू. तिसऱ्या शतकापर्यंतच्या) भट्ट्यांचे अवशेष मोठ्या संख्येने मिळाले आहेत. येथील माती म्हणजे झिजलेल्या ज्वालामुखी खडकाची, सिलिकेचे प्रमाण जास्त आणि अ‍ॅल्युमिनाचे कमी असलेली माती. ती १२०० अंशांच्या आसपासच घट्ट होते. उत्तरेकडील केओलिनयुक्त (पांढऱ्या चिनी मातीचा अंश असलेल्या) मातीला याहून बरीच जास्त उष्णता लागते. जोडीला टेकड्यांवर जळण भरपूर होते आणि भट्टीला उतार तयारच मिळत होता.

उताराचे महत्त्व विशेष सांगण्यासारखे आहे. टेकडीच्या अंगावर खालून वर चढत जाणारा लांबट बोगदा खणायचा किंवा बांधायचा, खालच्या टोकाला जाळ करायचा आणि वरच्या टोकातून धूर जाऊ द्यायचा, अशा भट्टीला चिनी लोक ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणतात. उंच धुराडे न बांधता केवळ उतारामुळे हवा ओढली जाते आणि ज्वाला मांडलेल्या भांड्यांच्या रांगांमधून वर सरकते. आरंभीच्या भट्ट्या काही मीटरच लांब होत्या, तर सोंग काळापर्यंत (इ.स. ९६० ते १२७९) त्यांची लांबी पन्नास मीटरच्याही पुढे गेली. लांबी वाढवायची तर शेवटच्या टोकापर्यंत उष्णता पोहोचवणे भाग होते, म्हणून पुढे बाजूच्या भिंतींना भोके ठेवून तेथूनही जळण टाकण्याची युक्ती आली.

देचिंगजवळच्या तिंगझिछ्याओ या ठिकाणी २००७-०८ मध्ये झालेल्या उत्खननात एक फार बोलकी गोष्ट मिळाली. भट्टीच्या जमिनीलगत उष्णता सर्वांत कमी असते. आधीच्या काळात भांडी सरळ वाळूच्या जमिनीवर ठेवत, त्यामुळे त्यांचे बूड अर्धकच्चे राहत असे. येथील कुंभारांनी मातीचे उंच, खाली पसरट होत जाणारे आधार बनवले आणि भांडी त्यांवर उचलून धरली. वस्तुसंग्रहालयात हे आधार कोणी फारसे पाहत नाही. भांड्यांवर दिवे असतात आणि आधार कोपऱ्यात असतात. माझ्या मते मात्र या काळातील कौशल्याचा खरा पुरावा तेच आहेत, कारण उष्णता भट्टीत कुठे कमी आणि कुठे जास्त हे ज्याला ठाऊक आहे तोच असा आधार बनवू शकतो.

तिंगझिछ्याओच्या भट्ट्यांत तयार झालेल्या वस्तू यूए या तत्कालीन स्थानिक राज्याच्या उच्चकुलीनांसाठी होत्या. कांस्याच्या विधीपात्रांच्या आणि घंटांच्या हुबेहूब प्रतिकृती तेथे मातीत घडवल्या जात. जियांग्सू प्रांतातील वूशी शहराजवळ होंगशान येथे २००३ ते २००५ दरम्यान उत्खनन झालेल्या यूए काळातील थडग्यांत अशी शंभराहून अधिक वाद्ये मिळाली: वरच्या दांड्याने टांगायच्या घंटा, उलट्या धरून वाजवायच्या घंटा, ठोकून वाजवायच्या शिळा. ती वाजवण्यासाठी नव्हती, मृताबरोबर पुरण्यासाठी होती. तरीही घंटेवरच्या गाठी, बारीक उठावाची नक्षी, हाताळायची कडी हे सर्व कांस्याप्रमाणेच आहे. याच सुमाराच्या वाट्यांच्या आतल्या बाजूस चाकाच्या बारीक चक्राकार रेषा आणि तळाला दोऱ्याने कापल्याच्या खुणा दिसतात. म्हणजे वळ्यांचे काम मागे पडून चाकावरचे काम आलेले होते.

चू राज्याने यूएचा पाडाव केल्यानंतर ही परंपरा क्षीण झाली. हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) ती पुन्हा दिसते, परंतु वेगळ्या रूपात, आणि तेव्हाची झिलई कुंभाराने लावलेली की भट्टीतल्या राखेने आपोआप आलेली याविषयी मतभेद आहेत. त्यावर आपण चर्चा करू या. इ.स.च्या दुसऱ्या शतकात झेजियांगमधील शांगयू परिसरात तयार झालेल्या भांड्यांपासून पुढचा इतिहास अधिक परिचित आहे, म्हणून मी येथे थांबतो.

---

रसायनी

लेख अत्यंत वाचनीय आहे. एक शंका आहे. झिलईत चुना राखेतूनच आला, चुनखडीतून नाही, हे कसे ओळखतात? दोन्हींतून कॅल्शियमच येणार.

---

काळीमाती

प्रश्न अगदी योग्य आहे. चुनखडीत कॅल्शियमखेरीज फारसे काही नसते. वनस्पतीच्या राखेत मात्र मॅग्नेशियम, पोटॅशियम, मँगनीज आणि विशेषतः फॉस्फरस असते. आरंभीच्या झिलयांच्या विश्लेषणात फॉस्फरस आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण भांड्याच्या अंगापेक्षा लक्षणीय जास्त मिळते, त्यामुळे राखेचा वापर निश्चित मानला जातो. पोटॅशियमचा बराच भाग राख पाण्यात धुतल्यास निघून जातो, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढणे कठीण असते. पुढे चिंगदेचेन या पोर्सेलिनसाठी प्रसिद्ध गावात चुनखडी आणि नेचे (फर्न) एकत्र जाळून झिलईसाठी भुकटी करण्याची पद्धत आली, पण तो फार नंतरचा काळ.

---

रसायनी

धन्यवाद. त्याच अनुषंगाने रंगाविषयी थोडे लिहितो, कारण ‘हिरवी झिलई’ म्हटले की त्यासाठी एखादा रंग घातला असेल अशी वाचकांची समजूत होते. येथे वेगळा रंग घातलेलाच नाही. मातीत आणि राखेत जे लोह आपोआप असते, साधारण एक ते तीन टक्के, त्यानेच रंग येतो. भट्टीत हवा भरपूर असेल तर ते लोह पिवळा किंवा तपकिरी रंग देते. हवा कोंडली आणि ज्वाला धुरकट झाली की ती जळण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन ओढून घेते, आणि तेच लोह करडी-हिरवी छटा देते. एकाच भट्टीतील एकाच वेळच्या भांड्यांत दोन्ही छटा आढळतात, याचा अर्थ हवेवरचा ताबा अजून पूर्ण मिळालेला नव्हता.

देचिंगच्या परिसरातच चौथ्या शतकात, पूर्व जिन काळात, काळ्या झिलईची भांडी झाली, त्यांतही तोच घटक आहे. लोहाचे प्रमाण सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास गेले की तीच राखेची झिलई काळी दिसते. लोह जास्त असलेली माती मुद्दाम निवडून मिसळल्याखेरीज हे साधत नाही, म्हणजे तोपर्यंत कुंभाराला कोणती माती कोणता रंग देईल याचा अंदाज पक्का आलेला होता.

---

भट्टीवाला

मी लाकडावर चालणाऱ्या भट्टीत स्टोनवेअर भाजतो, त्यामुळे हान काळाच्या प्रश्नावर माझे मत मांडतो. हान काळातील मोठ्या ‘हू’ या सुरईसारख्या भांड्यांवर झिलई फक्त वरच्या बाजूला तोंड केलेल्या पृष्ठभागांवर असते. ती खांद्यावर असते, तोंडाच्या आतल्या काठावर असते, आणि तोंडातून सरळ खाली पाहिले तर आतल्या तळावरही असते. पोटाचा खालचा भाग उघडा, तांबूस-तपकिरी राहतो. अनेक लेखांत याला उडत्या राखेची नैसर्गिक झिलई म्हटलेले असते. मला ते पटत नाही.

उडती राख ज्या दिशेने जाळ येतो त्या बाजूला जास्त बसते. माझ्या भट्टीतील प्रत्येक भांड्याची जाळाकडची बाजू चकचकीत असते आणि पाठ कोरडी राहते, आणि भांडे भट्टीतून काढल्यावर ते कोणत्या तोंडाने ठेवले होते हे मी सहज सांगू शकतो. हान भांड्यांवर मात्र खांद्याच्या सर्व बाजूंना झिलई जवळजवळ सारखीच जाड दिसते. असे होण्याचा मला दिसणारा एकच मार्ग म्हणजे ओल्या अंगावर चाळणीतून कोरडी राख वरून पेरणे. वरून पेरलेली राख वर तोंड केलेल्या पृष्ठभागांवरच पडणार, आणि झिलई नेमकी तेथेच आहे.

---

काळीमाती

राख पेरण्याचे मत काही अभ्यासकांनीही मांडलेले आहे, आणि आपण दिलेले कारण सबळ आहे. परंतु सर्वच भांडी तितकी सारखी नाहीत. एका बाजूला झिलई दाट आणि दुसऱ्या बाजूला केवळ शिंतोडे अशीही हान भांडी पाहायला मिळतात, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच परिसरात चालत असावेत असे मला वाटते. किंबहुना एकाच भांड्यावर दोन्ही घडू शकते: कुंभाराने राख पेरली आणि भट्टीने तीत भर घातली.

या भांड्यांच्या खांद्यावर मातीच्या उठावदार पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पक्षी किंवा ढगांसारखी कोरीव नक्षी असते. चुन्याचे प्रमाण जास्त असलेली झिलई एकदा वितळली की फार पटकन पातळ होते आणि खाली धावते. तिचे ओघळ कधी कधी या पट्ट्यांपाशी थबकलेले दिसतात. पट्ट्या त्यासाठीच होत्या असे मी म्हणणार नाही, कारण कांस्याच्या भांड्यांवरही तशाच पट्ट्या असतात.

---

भट्टीवाला

ओघळांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चुन्याच्या झिलईला काम करण्यासाठी फार थोडा अवकाश मिळतो. वीस-तीस अंश कमी पडले तर ती खरखरीत आणि मंद राहते, तेवढेच जास्त झाले तर भांड्यावरून उतरून जमिनीला चिकटते. म्हणूनच आरंभीच्या जवळजवळ सर्व भांड्यांची झिलई तळाच्या बरीच वर थांबवलेली असते. संग्राहक ही उघडी पट्टी अपुरेपणाची खूण समजतात, पण भट्टी रिकामी करताना ज्याने भांडे छिन्नीने फोडून सोडवले आहे त्याला ती शहाणपणाची खूण वाटेल.

---

पुराणवस्तू

लेखात झेंगझोऊचे भांडे आणि झेजियांगच्या भट्ट्या एकामागोमाग आल्या आहेत, पण त्यांच्यातील संबंध हाच एक मोठा वाद आहे, तो येथे नोंदवणे आवश्यक वाटते. शांग काळातील झिलईदार स्टोनवेअर उत्तरेत झेंगझोऊ आणि आनयांग येथे सापडते, मध्य यांगत्से खोऱ्यात पानलोंगचंग येथे सापडते, आणि जियांगशी प्रांतातील वूचंग येथे तर त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. उत्तरेत मिळालेल्या एकूण खापरांत मात्र ते अत्यल्प असते. मग ती भांडी उत्तरेत भाजली की दक्षिणेतून नेली?

न्यूट्रॉन अ‍ॅक्टिव्हेशन विश्लेषणाने खापरांतील सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून चेन तिएमेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात असा निष्कर्ष मांडला की उत्तरेकडील बरीच भांडी दक्षिणेत, बहुधा वूचंग परिसरात, तयार झाली असावीत. त्यावर आक्षेपही घेतले गेले, कारण उत्तरेतही स्थानिक उत्पादन झाले असावे असे मानणारे अभ्यासक आहेत. पुढे झेजियांगच्या भट्ट्या उजेडात आल्यावर दक्षिणेचे पारडे जड झाले, तरी वाद मिटलेला नाही.

यात मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की शांग आणि त्यानंतरच्या पश्चिम झोऊ काळातील उच्चकुलीनांच्या थडग्यांत ही भांडी कांस्याच्या पात्रांच्या बरोबरीने ठेवलेली आढळतात. आनह्वेई प्रांतातील तुनशी येथे १९५९ साली उघडलेल्या थडग्यांतही झिलईदार स्टोनवेअर विपुल होते. दूरवरून आणलेली, सहज न मिळणारी वस्तू म्हणून त्यांना प्रतिष्ठा असावी.

---

काळीमाती

हा मुद्दा मी लेखात घ्यायला हवा होता, असे कोणी म्हणण्याआधीच आपण तो अधिक चांगल्या रीतीने मांडलात याचा आनंद आहे. माझा कल दक्षिणेकडे आहे आणि त्याचे कारण भट्ट्या हेच आहे. एवढी उष्णता देणारी उतारावरची भट्टी शांग काळात दक्षिणेत मिळते, उत्तरेत त्या प्रकारची मिळत नाही. खापर एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ शकते, भट्टी जाऊ शकत नाही.

---

वाटसरू

मी या विषयात नवखा आहे. परदेशातील एका संग्रहालयात हान काळातील गडद हिरव्या झिलईची भांडी, मातीचे मनोरे, अगदी छोटे गोठे आणि दळायची जातीसुद्धा पाहिली होती. ती याच प्रकारातली समजावीत का?

---

रसायनी

नाही, तो पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. आपण पाहिलेली झिलई शिशाची असणार. शिसे घातले की झिलई एक हजार अंशांच्या बरीच आत वितळते, त्यामुळे साध्या तांबूस मातीच्या भांड्यावर ती बसते. गडद हिरवा रंग तांब्याचा असतो. अशा वस्तू प्रामुख्याने उत्तरेत, थडग्यांत ठेवण्यासाठी बनत. शिशाच्या विषारीपणामुळे ती खाण्यापिण्याच्या कामाची नाहीत. पुष्कळदा त्यांच्यावर जमिनीतील ओलाव्यामुळे चंदेरी, खवल्यांसारखा थर आलेला असतो. स्टोनवेअर मात्र रोजच्या वापरातही होते आणि थडग्यांतही होते.

---

वाटसरू

मनःपूर्वक आभार. लेखकांनी शांगयूपाशी लेख थांबवला आहे, पण त्याविषयीही थोडे लिहावे अशी विनंती आहे. ज्यांनी ही भांडी घडवली त्यांच्यापैकी कोणाचे नाव ठाऊक आहे का?

---

काळीमाती

शांगयू हे झेजियांगमधील त्साओ-अ नदीच्या काठचे ठिकाण. तेथील श्याओश्यानतान या भट्टीवरच्या, पूर्व हान काळातील म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकातील खापरांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा ती १३०० अंशांच्या आसपास भाजलेली आणि एक टक्क्याहूनही कमी पाणी शोषणारी निघाली. झिलई अंगाशी एकजीव झालेली आहे, जुन्या भांड्यांप्रमाणे पापुद्रे सुटत नाहीत. चिनी अभ्यासक पोर्सेलिनचा खरा आरंभ येथून मोजतात. अंग पांढरे नाही, करडेच आहे, म्हणून चीनबाहेर अनेक जण त्यालाही स्टोनवेअरच म्हणतात. झिलई सारखी दिसते कारण भांडे झिलईच्या द्रवात बुडवून काढण्याची पद्धत तोवर रुळली होती.

आता नावाविषयी. नानजिंग येथे १९५५ साली एका थडग्यात वाघाच्या आकाराचे भांडे मिळाले. चार पाय दुमडून बसलेला प्राणी, पाठीवर मूठ आणि पुढे गोल तोंड, असा त्याचा आकार आहे, आणि अशा भांड्यांना ‘हूझी’ म्हणतात. त्यावर ओल्या मातीत कोरलेली अक्षरे सांगतात की ते ‘छिवू’ या राजवर्षगणनेच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे इ.स. २५१ मध्ये, क्वाइजी प्रांतातील शांगयूच्या युआन यी या कारागिराने बनवले. आरंभीच्या झिलईदार स्टोनवेअरवर वर्ष, गाव आणि कारागीर अशा तिन्हींची नोंद एकत्र मिळणे फार दुर्मीळ आहे. हूझीचा उपयोग मूत्रपात्र म्हणून होत असे की पाणी ओतण्यासाठी, यावर अजूनही मतभेद आहेत. थडग्यांत ते पुष्कळदा मृताच्या पलंगाजवळ, इतर खासगी वस्तूंसोबत मिळते, म्हणून पहिले मत मला अधिक संभाव्य वाटते. अशा भांड्यावरही कारागिराने आपले नाव कोरले, म्हणजे त्या कामात त्याला कमीपणा वाटला नव्हता.

याच शतकातील दुसरा अद्भुत प्रकार म्हणजे थडग्यात ठेवायचे, वर मनोरे आणि माणसा-पक्ष्यांची गर्दी असलेले उंच घट. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात इ.स. २६० सालचा, शाओशिंग येथे मिळालेला असा एक घट आहे. त्याच्या वरच्या भागावर बहुमजली इमारत, वाद्ये वाजवणारी माणसे आणि दाटीवाटीने बसलेले पक्षी आहेत, तर अंगावर हरीण, डुक्कर, कुत्रा, कासव आणि मासे चिकटवलेले आहेत. कासवाच्या पाठीवरच्या लहानशा शिळेवर वर्ष आणि समृद्धी, पुष्कळ संतती व दीर्घायुष्य यांची कामना कोरलेली आहे. अशा काही घटांवर ध्यानस्थ बुद्धाच्या लहान मूर्तीही दिसतात, आणि चीनमध्ये बौद्ध प्रतिमा कशा पसरल्या याच्या आरंभीच्या पुराव्यांत त्यांची गणना होते.

---

भट्टीवाला

या घटांबद्दल घडणीच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. मुख्य घट चाकावर काढलेला, इमारतीच्या भिंती मातीच्या पट्ट्यांच्या, पक्षी हाताने चिमटून केलेले, प्राणी साच्यातून काढलेले, असे चार प्रकारचे काम एकाच वस्तूत आहे. चारही भागांतील ओलावा वेगवेगळा असेल तर वाळताना ते एकमेकांपासून सुटतात, आणि सुटले नाहीत तर भट्टीत फुटतात. हे सर्व जोडून १२०० अंशांतून अखंड बाहेर काढणे आजही सोपे नाही. मला वाटते, संग्रहालयातील प्रत्येक घटामागे भट्टीच्या कचऱ्यात गेलेले अनेक घट असले पाहिजेत.

कोंबड्याच्या डोक्याच्या झाऱ्यांचाही येथे उल्लेख हवा. तिसऱ्या शतकातील झाऱ्यांवरचे कोंबड्याचे डोके भरीव, केवळ शोभेचे असते, त्यातून काहीच ओतता येत नाही. पुढच्या शतकात त्याला मान येते, चोच पोकळ होते, मागे उंच मूठ येते, आणि झारी खरोखर ओतण्याच्या कामाची होते. शोभेची वस्तू वापराची झाल्याचे असे उदाहरण कमी पाहायला मिळते, बहुधा उलटेच घडते.

---

कोकणी खापर

चर्चा अतिशय माहितीपूर्ण चालली आहे. दोन प्रश्न विचारतो. आमच्याकडे भाताचा तूस मुबलक असतो, तर त्याच्या राखेपासून अशी झिलई होईल का? आणि ही चिनी भांडी आपल्या किनाऱ्यावर कधी पोहोचली होती का?

---

भट्टीवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तुसाच्या राखेत जवळजवळ सर्व सिलिकाच असते, चुना नगण्य. ती एकटी वितळणारच नाही. लाकडाची राख आणि माती यांच्या मिश्रणात थोडी तुसाची राख घातली तर झिलई दुधाळ आणि जरा दाट होते व कमी धावते. आपण प्रयोग करणार असाल तर आंबा, बाभूळ किंवा सरू, जे लाकूड हाताशी असेल त्याची राख घ्या, ती बारीक चाळा आणि काही वेळा पाणी बदलून धुवा. न धुतलेली राख हात पोळते, म्हणून हातमोजे घालावेत. मग राख आणि भांड्याचीच चाळलेली माती समप्रमाणात कालवून एका लहान तुकड्यावर लावून पाहा. साध्या कुंभारी आव्यात हे वितळणार नाही, त्यासाठी स्टोनवेअरची भट्टीच हवी.

---

पुराणवस्तू

दुसऱ्या प्रश्नाविषयी. या धाग्यात चर्चा झालेली शांग ते हान काळातील भांडी चीनबाहेर इतक्या दूर व्यापारासाठी येत नव्हती. पश्चिम हिंदी महासागरात चिनी स्टोनवेअर मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते तांग काळात, इ.स.च्या आठव्या-नवव्या शतकांच्या सुमारास. इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली सापडलेल्या नवव्या शतकातील बुडालेल्या अरबी बांधणीच्या जहाजात सुमारे साठ हजार चिनी भांडी होती. त्यांतील बहुसंख्य हुनान प्रांतातील चांगशा येथील झिलईदार स्टोनवेअरचे वाडगे होते, तर झेजियांगच्या यूए भट्ट्यांची भांडी त्या मानाने थोडी होती.

आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे संजाण. ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. तेथे २००२ पासून काही हंगाम झालेल्या उत्खननात चिनी स्टोनवेअर व पोर्सेलिनची खापरे पश्चिम आशियातील झिलईदार खापरांच्या सोबतीने मिळाली.

---

कोकणी खापर

मग किनाऱ्यावर पडलेले एखादे झिलईदार खापर चिनी स्टोनवेअरचे आहे की पश्चिम आशियातील, हे नुसत्या नजरेने ओळखता येते का?

---

पुराणवस्तू

बऱ्याच अंशी ओळखता येते, आणि त्यासाठी झिलईपेक्षा तुटलेला काठ पाहावा. पश्चिम आशियातील निळसर-हिरव्या झिलईच्या भांड्यांचे अंग पिवळट, मऊ आणि सच्छिद्र असते; काठ नखाने किंचित खरवडला जातो, पाण्याचा थेंब टाकल्यास शोषला जातो, आणि झिलई जाड असूनही अंगापासून सुटलेली दिसते. चिनी स्टोनवेअरचा काठ करडा, घट्ट, धारदार असतो, थेंब वरच राहतो, आणि झिलई पातळ पण अंगाला पक्की धरून असते. मात्र किनाऱ्यावरचे खापर उचलून घरी नेऊ नये. ते कोणत्या जागी, कोणत्या इतर खापरांबरोबर होते ही माहिती त्या तुकड्याइतकीच महत्त्वाची असते. जागेसह छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.